वांगी रंगाचं कापड

प्रिय पैलवान,

हे नाव वाचून पाकीट बाजूला टाकू नकोस. भिंगरीने तुला ठेवलेलं नाव आहे, आणि माझी लेक गेली म्हणून तिने ठेवलेली नावंही जावीत असं मला वाटत नाही. मलाही तुम्ही दोघी टाचणीमावशी म्हणायचात, तोंडात टाचण्या धरून बोलते म्हणून. आता कुणी म्हणत नाही. सगळे फार आदराने बोलतात माझ्याशी, अगदी वीट येईपर्यंत. तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. दोनदा दारापर्यंत येऊन गेले. आत पंख्याची घरघर ऐकू येत होती, तुझ्या चपला बाहेर होत्या, आणि दार काही उघडलं नाही. शेवटी म्हटलं, पत्र लिहावं. पत्र दाराखालच्या फटीतून जातं, त्याला कुणी उघडावं लागत नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी तू आली होतीस. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, केस विंचरलेले नाहीत, उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिलीस. मावशी, मी सोडलं तिला, माझी मूठ उघडली, एवढंच म्हणालीस आणि मी तोंड उघडायच्या आत जिना उतरून गेलीस. मी तुला हाक मारली नाही. खरं सांगायचं तर तू गेलीस ते बरं झालं असं वाटलं. त्या दिवशी, आणि त्यानंतरही बरेच दिवस, मला तुझा राग होता. इतका राग, की भांडी घासताना तुझा हात डोळ्यांसमोर यायचा आणि माझ्या हातातलं भांडं आपटलं जायचं. हे तुला कळलंच असणार. न कळायला तू काही दगड नाहीस.

आता नाट्यगृहाचे व्यवस्थापक सांगतात, की चौकशीला आलेल्या माणसांनाही तू तेच सांगितलंस आणि पुढच्या आठवड्यात ते लिहून सही करून देणार आहेस. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करायलाही जात नाहीस म्हणे. रोज थोडा थोडा उचलला नाही तर खांदा आखडेल आणि हात कायमचा लोंबता राहील, असं त्यांनी बजावलंय, आणि तू म्हणालीस, त्या हाताचा आता उपयोग काय. हे ऐकलं आणि मला राहवेना. त्या हाताबद्दलच लिहायला बसलेय. पण तुला माझी सवय माहीत आहे. कापायच्या आधी मी कापड चार वेळा उलटसुलट करते. तसंच हे पत्रही होणार, जरा दमाने घे.

तुला ते तळघरातलं कापडाचं दुकान आठवतं? आपण तिघी गेलो होतो, तुमच्या झोक्यावरच्या नव्या खेळाचे कपडे ठरवायला. आत शिरल्या शिरल्या भिंगरीने एका चमचमत्या कापडावर झडप घातली. माशाच्या खवल्यांसारखं होतं ते, पातळ, हातातून ओघळणारं. अंगाभोवती गुंडाळून तिथल्या तुटक्या आरशासमोर नाचायलाच लागली. मी त्याचं एक टोक धरून दिव्यासमोर ताणलं तर पलीकडचं सगळं दुकान दिसायला लागलं. सोडलं तर परत यायला तयार नाही, तसंच लोंबत राहिलं. मी म्हटलं, बाई, दोन तालमींत याच्या गुडघ्यांवर फुगवटे येतील आणि लोकांना वाटेल आकाशातून पायजमा चाललाय. ती रुसली. तिचं रुसणं म्हणजे ओठ काढून दुसऱ्या रांगेत जाऊन उभं राहणं, आणि कुणी बघतंय का ते मधूनमधून पाहणं.

मग मी ते वांगी रंगाचं कापड काढायला लावलं. दोन्ही बाजूंनी सारखं, दुहेरी विणीचं, घट्ट. हातावर घेतलं की वजन कळावं आणि टेबलावर उभं केलं तर घटकाभर उभं राहावं असं. अशा कापडाला स्वतःचं अंग असतं. ते बिचाऱ्या माणसाच्या प्रत्येक वळीला चिकटत बसत नाही, आपला आकार धरून राहतं, तरी हात वर केला की हाताबरोबर येतं. आडवं भरपूर ताणलं जातं, म्हणजे छाती भरून श्वास घेता येतो. उभं अगदी जेमतेम, म्हणजे उलटं लटकलं तरी कपडा गळ्याशी गोळा होत नाही. मुख्य म्हणजे सोडलं की परत येतं. मी ते टेबलाच्या कडेला धरून ओढलं, धरून ठेवलं, सोडलं, पुन्हा मापलं. दुकानदार वैतागून म्हणाला, बाई, कापड घेताय की त्याची कसरत घेताय. भिंगरी लांबूनच ओरडली, की हे सोफ्याचं कापड आहे, हे घालून मी मुख्याध्यापिका दिसेन.

तेव्हा निकाल तू लावलास. खांद्यावरच्या पिशवीतून, पकड घसरू नये म्हणून हाताला लावायची ती पांढरी भुकटी काढलीस, तळवे चोळलेस आणि आधी तिचं चमचमतं कापड मुठीत धरून मला ओढायला सांगितलंस. सुळकन निसटलं. मग माझं धरलंस. मी दोन्ही पाय रोवून ओढलं तरी तुझ्या मुठीतून हललं नाही. तू म्हणालीस, भिंगरे, हे हातात राहतं. एवढंच. आणि जिने आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही, ती बाई मुकाट्याने कबूल झाली. त्या गठ्ठ्यावर तुझ्या चार बोटांचा आणि अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला, आणि माल खराब केलात म्हणून दुकानदाराने तेवढं जास्तीचं कापड आमच्या गळ्यात मारलं. घरी आल्याबरोबर मी सगळंच्या सगळं धुवायला टाकलं. मी न धुता कुठल्याही कापडाला कात्री लावत नाही, हे तर आपल्या नाट्यगृहाच्या मांजरालाही ठाऊक आहे.

कापड ताणून अंगाला बसावं म्हणून त्या कपड्यांसाठी मी तुमच्या मापांपेक्षा लहान खाके कापले होते. भिंगरीचा पुठ्ठ्याचा खाका अजून खिळ्याला लटकतोय. तिचा डावा खांदा किंचित खाली होता, तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे. तुझा खाका त्याच्या मागे आहे, चांगला दीडपट रुंद. तुला ते आवडायचं नाही, पण तू कधी बोलली नाहीस. तुझ्या पाठीवर शिवण घेताना मी नेहमी मनात म्हणायचे, उलटं लटकून झेलणाऱ्या हिच्या या पाठीच्या जिवावर माझी पोर हवेत उड्या मारते. तुला उघड सांगायला हवं होतं. तेव्हा तोंडात टाचण्या असायच्या.

त्या दिवशी मी खाली शिवणघरात होते. वर तुमची तालीम चालली होती, झोक्याच्या कड्यांची करकर छतातून ऐकू यायची, त्या आवाजाच्या सवयीने मला काम सुधरायचं. मग एकदा धप्प झालं. मला वाटलं, गादी सरकवताहेत. मशीनवर असलेली शिवण मी कडेपर्यंत नेली, दोरा कापला, कपडा झटकून घडी घातला. त्यानंतर वर पळापळ ऐकू आली म्हणून उठले. ती शिवण लांबच लांब होती. तिचा कितवा टाका भिंगरी असताना पडला आणि कितवा नसताना, हे मी किती वेळा शोधायला पाहिलं असेन. तो कपडा अजून रंगमंचावर वापरतात.

वर आले तेव्हा ती गादीच्या कडेशी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. तू वरच होतीस, गुडघ्यांनी दांडीला लटकलेली, उलटी, दोन्ही हात खाली. सुतारकाका शिडीवरून चढून तुला सोडवत होते. तुला काही ऐकू येत नव्हतं. बाकी मला आठवत नाही, आणि आठवलं तरी तुला ते लिहून कशाला पाठवू.

काम चालू आहे. थांबून करायचं काय? आपल्या नाटकातला राजा आणखी जाड झालाय आणि ते मान्य करत नाही. दर आठवड्याला धोब्याने अंगरखा आटवला म्हणून येतो. त्याला मी गुपचूप त्याच जातीचं जाड विणीचं कापड लावलंय, बाहेरून ताठ अंगरखा दिसतो आणि सिंहासनावर बसला की पोटाला वाट देतो. परवा छाती पुढे काढून मला म्हणाला, बघा, बारीक झालो. मी हसले. खूप दिवसांनी हसले आणि मग कापड कापायच्या टेबलाखाली बसून रडले, कारण भिंगरी त्याची नक्कल फार छान करायची. कापडाच्या दुकानात मात्र माझी पंचाईत होते. सवयीने टोक धरते, ताणते, आणि मग पुढे सोडायचं धैर्य होत नाही. तशीच उभी राहते. दुकानदार आता वैतागत नाही. तो हलकेच येऊन दुसरं टोक आपल्या हातात घेतो.

मागच्या आठवड्यात व्यवस्थापक आले, स्टुलावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, की झोक्यासाठी नवी जोडी येतेय, जाहिराती जुन्याच लागल्यात, तेव्हा कपडे तसेच वांगी रंगाचे हवेत. हातात कात्री होती. ते वाईट माणूस नाहीत म्हणून बचावले. त्यांना पोट आहे, नाट्यगृहालाही आहे. मी म्हटलं, त्या गठ्ठ्याचं कापड माझ्याकडे थोडंसंच उरलंय, नव्याशी रंग जुळवायला जुना कपडा पाहावा लागेल. जुना कपडा म्हणजे तिचा. रुग्णालयाने तो एका प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिला होता, आणि ती पिशवी मी टोप्यांच्या खोक्यांमागे फळीवर टाकली होती. इतके महिने तिकडे मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

पिशवी खाली काढली, गाठ सोडली. रुग्णालयात अंगावरचा कपडा कात्रीने कापतात, तसा कापला होता, कडा सरळ. पण त्यात एक तुकडा वेगळाच होता, तळहाताहून थोडा मोठा, फाटून निघालेला. पाठीमागचा, उजव्या खांद्याजवळचा. त्याच्याबद्दल मला तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं, की ती पडताना गादीच्या बकलात अडकून कपडा फाटला, तुकडा जमिनीवर सापडला, तोही पिशवीत घातलाय. मी तो टेबलावर ठेवला आणि कापडाचा तुकडा दिसला की माझे हात जे करतात तेच केलं. खिळ्यावरचा तिचा खाका काढला आणि त्यावर तो बसवून पाहिला. एका बाजूला खांद्याची शिवण उसवलेली, ती रेष बरोबर जुळली. पण मधलं कापड खाक्याच्या बाहेर जात होतं. उभ्या अंगाने वाढलं होतं ते. पैलवान, ज्या बाजूने ते कापड जेमतेम ताणलं जातं, त्याच बाजूने ते लांबलं होतं आणि परत आलं नव्हतं. मी इस्त्री न लावता, हाताने हलकेच सारखं करून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. नंतर मी तो तुकडा दिव्याखाली धरला, पाहिला आणि खुर्चीत बसले.

मला घाई नको होती. दुःखात माणसाला हवं ते दिसतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी सुतारकाकांना बोलावलं. उरलेल्या कापडाचे दोन भाग मी तसेच शिवले, तोच दोरा, तोच टाका, तशीच दुहेरी शिवण. एक टोक त्यांच्या ओट्यावरच्या शिकंज्यात घट्ट आवळलं. काकांना तुझी भुकटी हाताला लावायला दिली आणि सांगितलं, खांद्यामागचं कापड मुठीत धरा, सगळं अंग मागे टाका, आणि ताण आला की मूठ उघडा. त्यांनी तसं केलं. कापड हातातून ओढलं गेलं, भुकटीचा लांब पांढरा फराटा उमटला आणि कापड आपलं पुन्हा जागेवर आलं. खाक्यावर ठेवलं तर तंतोतंत. मग दुसरा भाग लावला आणि म्हटलं, आता काही झालं तरी मूठ उघडू नका. काकांनी डोळे मिटले, दात आवळले आणि स्वतःला मागे झोकून दिलं. शिवण तटातट गेली, कापड फाटलं आणि एवढा मोठा माणूस भुशाच्या ढिगात उताणा पडला. त्यांची मूठ मला उघडावी लागली. आतला तुकडा मध्ये लांबलेला होता, आणि बोटांचा ठसा जिथल्या तिथे, जराही न फरफटलेला.

मी ते दोन तुकडे आणि पिशवीतला तिसरा शेजारी शेजारी ठेवले. काका वाकून बघत राहिले. ज्या माणसाने तुमचा झोका बांधला आणि त्या दिवसापासून जो झोका पुन्हा पुन्हा तपासतोय, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. बाहीने नाक पुसलं आणि म्हणाले, चहा टाकू का. मी माझी शिवणही तपासली. भिंग लावून एकेक टाका पाहिला, माझी चूक सापडावी असं मला फार वाटत होतं. सापडली असती तर स्वतःला शिव्या घालायला काहीतरी निमित्त मिळालं असतं. पण शिवण चांगली होती. कपडा म्हणजे दोर नव्हे, पडणाऱ्या माणसाचं वजन कुठलीही शिवण पेलत नाही.

आता जे लिहिते ते मला जड जातंय, पण तू लिहिणार नाहीस म्हणून मीच लिहिते. भिंगरी उशिरा सुटली. झोका परत फिरल्यावर तिने दांडी सोडली, म्हणून तिचे हात तुझ्या हातांपर्यंत पोचलेच नाहीत, ती खाली जाताना तुझ्या हाती खांद्यामागचा कपडा तेवढा लागला. तिचा हात तुझ्या हातात असता तर तुझ्या मुठीला तिचा कपडा धरायची वेळच आली नसती. ती जन्मालाही उशिरा आली. शाळेला उशिरा, जेवायला उशिरा, रुसवा काढायलासुद्धा उशिरा. तू तिला वर्षानुवर्षं ओळखतेस, तुझ्यापेक्षा हे कुणाला जास्त ठाऊक? तुझी मूठ उघडली असं तुला खरंच वाटतं की तिच्या उशिराबद्दल कुणी काही बोलू नये म्हणून तू तसं सांगतेस, हे मला माहीत नाही. दोन्ही असेल. पण तिची चूक तू आपल्या नावावर लावून घेऊ नकोस, बाळा. ती माझी लेक होती, तिची चूकही माझ्याकडेच राहू दे. आणि एवढी भयंकर चूकही नव्हती ती. डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर.

म्हणून हे पत्र. सही करायच्या आधी ये. व्यवस्थापकांना आणि चौकशीच्या माणसांनाही मी तो तुकडा दाखवणार आहे, पण तो आधी तू पाहायचास. मी तो पाकिटातून पाठवत नाही, कारण पाकिटात घासून भुकटी झडेल. त्यावर चार बोटं आणि एक अंगठा आहे, खोल रुतलेला, कडा शाबूत, कुठेही फराटा नाही. तुझी मूठ उघडली नव्हती, पैलवान. कापड संपेपर्यंत, शिवण संपेपर्यंत तू तिला धरून होतीस, तुझा खांदा गेला तो त्याच हिसक्याने. त्या तुकड्याखेरीज काहीच हातात उरलं नाही, मग तोही गळून पडला, तेव्हा तुझा हात रिकामा झाला, आणि तुला वाटलं तो तूच रिकामा केलास. मी माझी बोटं त्या ठशावर धरून पाहिली, ती तोकडी पडतात. काकांची बाहेर जातात. तुझी बसतील. त्यासाठी तुला उजवा हात टेबलापर्यंत उचलावा लागेल, आणि दुखेल, तर दुखू दे, मी कोपराखाली हात देईन. सगळी कापडं धुऊन घेणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा एक तुकडा न धुता ठेवलाय. तू येऊन गेलीस, सगळ्यांचं बघून झालं, की धुवायला टाकीन.

तुझीच,
तुझ्या पावलांकडे कान लावून बसलेली
टाचणीमावशी